वाऱ्याचा जमाखर्च

समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या किल्लारीत बसून नौकेवरच्या पवनचक्कीची चर्चा करावी, हे प्रथमदर्शनी हास्यास्पद वाटेल. परंतु आपल्या घरावर असे एखादे चक्र बसवावे की नाही, हा विचार ज्याच्या मनात घोळत असेल, त्याला नौकेसारखा गुरू नाही, कारण नौकेत संसार थाटणाऱ्याला विजेची तार नसते आणि एकेका वॉटचा जमाखर्च त्याला चोख मांडावा लागतो.

वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग निम्मा झाला की शक्ती अष्टमांश उरते. एक मीटर व्यासाचे बऱ्यापैकी चक्र ताशी चौदा किलोमीटरच्या मंद वाऱ्यात जेमतेम नऊ वॉट देते आणि वेग दुप्पट झाला तर सत्तरीच्या घरात जाते; विक्रेत्याच्या पत्रकात मात्र बहुधा वादळी वाऱ्याचाच आकडा छापलेला असतो. त्या मंद वाऱ्यावर अहोरात्र फिरूनही चक्राची दिवसाची कमाई पाव युनिटही भरत नाही आणि नौकेतला लहानसा फ्रिजच सुमारे अर्धे युनिट खातो. उलट शंभर वॉटचे सौरपट्ट उघड्या उन्हात मुकाट्याने दिवसाला चारशे वॉट-तास जमा करते.

शिवाय नौकानयनाचा स्वभावच या यंत्राच्या विरुद्ध आहे. वारा पाठीशी घेऊन चालताना बारा नॉटच्या वाऱ्यातून पाच नॉटची नौकेची गती वजा होते, आणि उरलेल्या सात नॉटमध्ये मूळच्या शक्तीचा पंचमांशच शिल्लक राहतो. नांगर तर मुद्दामच वारा न लागणाऱ्या आडोशाला टाकतात! तारकर्लीच्या खाडीत माडांच्या आडोशाला निवांत झोपणे शक्य असेल, तर चक्रही झोपणारच. आणि वारा सुटला की त्याची घरघर डोलकाठीतून थेट उशाशी येते. ज्या आषाढात कोकण किनाऱ्यावर वारा मुबलक आणि सूर्य दुर्लभ, त्या आषाढातच होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. व्यापारी वाऱ्याच्या पट्ट्यात सागर ओलांडणाऱ्या नौकेला रात्री चार्जिंगसाठी चक्र उपयोगी पडते, हे मी कबूल करतो. कोकणच्या खाडीतल्या नौकेसाठी त्याची शिफारस करणार नाही.

किल्लारीचे घर आषाढात शाकारून ठेवता येत नाही, हा नौकेच्या तुलनेत त्याचा फायदा. पठारावर तोच पावसाळी वारा वाहतो आणि ढगांनी मंदावलेल्या सौरपट्टाला तेव्हा जोडीदार मिळतो. पण चक्र छपरावर नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाचा भार यांनी ज्या गावात माणसे गाडली, तेथे घराच्या डोक्यावर सदैव थरथरणारे ओझे ठेवण्याची तजवीज कोणी सुचवली, तर तिला विरोधच करावा. त्यातून घरे-झाडांवरून येणारा वारा भोवऱ्यांचा, म्हणून आसपासच्या उंचवट्यांपेक्षा नऊ-दहा मीटर उंच, शेताच्या मोकळ्या बांधावर, पायाशी बिजागरी असलेला स्वतंत्र खांब हवा, म्हणजे वळवाचे वादळ दिसताच तो खाली आडवा करता येतो. त्या खांबाचा आणि ताणाच्या तारांचा खर्च पुष्कळदा यंत्रापेक्षा अधिक भरतो. तेवढी रक्कम हाताशी नसेल, तर तूर्त दुसरे सौरपट्ट घ्यावे आणि बांधावर वेगमापक रोवून एक आषाढ त्याची नोंद ठेवावी.