छायाचित्रातील स्पष्टतेची खोली

गावाच्या वेशीवर वा मंदिराच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे स्थानिक इतिहासाचे मोलाचे साधन होय. गोव्यातील कदंबकालीन वीरगळांपैकी काहींवर नौकायुद्धाची दृश्ये कोरलेली आढळतात. ऊन, पाऊस व शेवाळ यांमुळे उघड्यावरील कोरीवकाम हळूहळू झिजत जाते आणि पुढे त्याचे छायाचित्र हाच एकमेव पुरावा उरण्याचा संभव असतो. म्हणून त्यातील प्रत्येक आकृती व अक्षर स्पष्ट उमटणे अगत्याचे आहे.

भिंग एका वेळी एकाच अंतरावर नेमके केंद्रित होते. त्या अंतराच्या अलीकडे व पलीकडे अस्पष्टता वाढत जाते. परंतु काही मर्यादेपर्यंत ती डोळ्यांस जाणवत नाही. या मर्यादेतील पट्ट्यास स्पष्टतेची खोली म्हणता येईल. भिंगाचे नाभीय अंतर, त्याच्या छिद्राचा आकार, वस्तूचे अंतर आणि प्रतिमा टिपणाऱ्या संवेदकाचा आकार या चार गोष्टींवर ती अवलंबून असते.

संवेदक लहान असला की ही खोली आपोआप वाढते, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. ३६ × २४ मि.मी. संवेदकाच्या कॅमेऱ्याने ५० मि.मी. भिंग व एफ/२.८ छिद्र वापरून ३ मीटरवरील वस्तू टिपल्यास ही खोली सुमारे ६० सें.मी. भरते. १७.३ × १३ मि.मी. संवेदकावर जवळपास तेवढेच दृश्य मावण्यासाठी २५ मि.मी. भिंग लागते. छिद्राचा अंक तोच ठेवल्यास खोली सुमारे १२५ सें.मी. होते. मात्र या लहान संवेदकावर ५० मि.मी. भिंगच लावले, तर ती सुमारे ३० सें.मी.वर येते, कारण त्याच आकाराच्या छायाचित्रासाठी प्रतिमा दुप्पट मोठी करावी लागते व तीतील अस्पष्टताही दुप्पट होते. सारांश, खोली वाढते ती मुख्यतः आखूड भिंगामुळे.

मोबाइल फोनमधील भिंग फारच आखूड असल्याने त्याने दूरचे व जवळचे दोन्ही बहुधा स्पष्ट येते. तथापि पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या धूसर करणारी सोय नोंदीच्या छायाचित्रासाठी बंद ठेवावी.

मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यात छिद्र एफ/८ ते एफ/११ पर्यंत लहान करावे. त्याहून फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे सारेच चित्र किंचित मऊ होते. छिद्र लहान केल्याने प्रकाश कमी पडतो. म्हणून तिपाई वापरावी. कॅमेरा शिळेच्या पृष्ठभागास समांतर धरावा, म्हणजे माथा व पायथा दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. अक्षरे जवळून टिपताना खोली झपाट्याने घटते, हे विशेष ध्यानात ठेवावे. शाळेच्या सहलीत विद्यार्थ्यांनी एवढी दक्षता घेतली, तरी गावाचा एक विश्वसनीय दस्तऐवज सिद्ध होईल.