हनुवटीवरचे गोंदण

गेल्या पाडव्याच्या संध्याकाळी वसईत, होळीवरच्या आमच्या घरी, माझ्या मुलीने फोनवर आजीचा फोटो काढला. पडवीत पणत्यांखेरीज उजेड नव्हता. तरी फोटो कसा लख्ख आला! आम्ही सारे खूष. आईने मात्र चष्मा लावून बराच वेळ निरखले आणि विचारले, "अरे, माझं गोंदण कुठं गेलं? सातव्या वर्षी जत्रेत रडत रडत गोंदवून घेतलं होतं मी!"

खरेच, हनुवटीवरचे हिरवे टिंब नाहीसे झाले होते. सुरकुत्याही गेल्या होत्या.

मी पडलो मराठीचा मास्तर. पण हा कारभार समजून घेतल्यावाचून चैन पडेना. फोनचे भिंग नखाएवढे. त्यातून प्रकाश येणार तो किती? म्हणून फोन भराभर अनेक चित्रे घेतो, ती एकावर एक बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. प्रत्येक चित्रातले दाणे निराळे, दृश्य मात्र तेच. म्हणून दाणे विरतात, दृश्य उरते. पुढे चेहरा हेरून कातडी नितळ करणारे गणितही चालते. त्या बिचाऱ्याला गोंदण कोणते आणि डाग कोणता, हे कसे कळावे?

या विद्येत आपला माणूसही अग्रेसर आहे, वाचकहो! रमेश रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये त्यांच्या चमूने २०११ साली सेकंदाला सुमारे १ लाख कोटी चित्रांच्या वेगाने, बाटलीतून जाणारा प्रकाश दाखविला. तोही एका झटक्यात टिपलेला नव्हे. प्रकाशाच्या असंख्य झोतांची टिपणे गणिताने जुळवलेली. तेथे गणिताने न दिसणारे दाखविले. आमच्या पडवीत दिसणारे पुसले.

जुने छायाचित्रकारही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या मिटवीत, हे खरे. पण तो हात माणसाचा होता. "एवढं राहू द्या हो," असे त्याला सांगता येई.

मुलीने ते 'सौंदर्य' बंद केले आणि दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेच्या सकाळी, अंगणात पुन्हा फोटो काढला. सुरकुत्या आल्या, गोंदण आले. आई म्हणाली, "हां, ही मी!"

श्रावणात आई गेली. भिंतीवर आता तोच फोटो आहे. यंदा घरच्या वडीलधाऱ्यांचा फोटो काढाल, तेव्हा तेवढे एक बटण आधी पाहा.