विश्लेषण : हॉलमध्ये वाजलेलं गाणं लग्नाच्या व्हिडिओत का चालत नाही?

गेल्या वर्षी डोंबिवलीत माझ्या चुलतबहिणीचं लग्न झालं. महिनाभराने फोटोग्राफरने अल्बम आणि पेनड्राइव्ह आणून दिला, गावाकडच्या नातेवाइकांसाठी यूट्यूबची लिंकही पाठवली. पेनड्राइव्हवरच्या स्लाइड-शोला तिने स्वतः निवडलेलं हिंदी गाणं होतं. लिंकवर मात्र फोटो एकामागून एक सरकत होते आणि आवाजच नव्हता. काकांनी दोनदा फोन बंद करून पाहिला. पण फोन ठीकच होता. गाणं यूट्यूबने म्यूट केलं होतं.

ठाण्याच्या उपवन तलावाकाठी प्री-वेडिंग करणारे, कल्याण-डोंबिवलीतल्या मंगल कार्यालयांत सकाळी सहापासून ट्रायपॉड लावून बसणारे फोटोग्राफर या अडचणीशी चांगले परिचित आहेत. ग्राहक गाण्याचं नाव व्हॉट्सअॅपवर पाठवतो, ते व्हिडिओवर चढवलं जातं आणि काम संपतं. परवानगीचा विषय निघालाच तर ठरलेलं उत्तर येतं : लग्नाला कॉपीराइट लागत नाही. हे उत्तर अर्धंच खरं आहे.

लग्नात गाणी वाजवण्याची मुभा नेमकी काय आहे?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक समारंभात गाणं सादर करणं किंवा वाजवणं हा हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सोहळेही त्यात धरले आहेत. तरीही हॉलवाल्यांकडे आणि डीजेंकडे रॉयल्टी मागितली जात असल्याच्या तक्रारी आल्या. त्यामुळे केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून हीच तरतूद पुन्हा सांगितली. गोवा सरकारनेही जानेवारी २०२४ मध्ये तसं परिपत्रक काढलं. त्याविरुद्ध 'पीपीएल' ही ध्वनिमुद्रणांचे परवाने देणारी कंपनी न्यायालयात गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. कलम मात्र कायम आहे.

या सगळ्या वादात 'लग्न' हा शब्द इतक्या वेळा छापून आला, की लग्नाशी संबंधित सगळंच माफ आहे असा समज झाला. कलमात मुभा आहे ती गाणं सादर करण्याची आणि लोकांना ऐकवण्याची. त्याची प्रत काढून व्हिडिओत बसवण्याबद्दल त्यात एक शब्दही नाही.

स्लाइड-शो म्हणजे 'सिनेमा' कसा?

कायद्यातली 'सिनेमॅटोग्राफ फिल्म'ची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. दृश्यांचं मुद्रण आणि त्यासोबतचा आवाज, एवढं तिला पुरतं. म्हणजे ऐंशी फोटो आणि एक गाणं जोडून केलेला चार मिनिटांचा व्हिडिओही कायद्याच्या लेखी फिल्मच. एखाद्या गाण्यावर फिल्म करण्याचा हक्क गीतकार-संगीतकाराकडे किंवा त्यांनी तो ज्याला दिला असेल त्याच्याकडे असतो. मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत काढण्याचा हक्क म्युझिक कंपनीकडे असतो. चित्रपटगीतांत हे सगळं बहुधा एकाच कंपनीच्या हातात असतं. चित्राला गाणं जोडण्याच्या या परवान्याला 'सिंक' म्हणतात. हॉलने पीपीएलचं लायसन्स घेतलेलं असलं तरी ते फक्त वाजवण्यापुरतं असतं, फोटोग्राफरला त्याचा उपयोग नाही.

घरातल्याच भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ जुळवला आणि तो घरच्यांनीच पाहिला, तर खासगी वापराच्या तरतुदीचा आधार घेता येऊ शकतो. पॅकेजचे पैसे घेऊन काम करणाऱ्या स्टुडिओला तो आधार मिळणं कठीण.

जुनी गाणी तरी मोकळी आहेत का?

ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. पण शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांचं संरक्षण २०३७ अखेरपर्यंत आहे. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण कंपनीने अलीकडे काढलेलं त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही.

यूट्यूबला कळतं कसं?

हा भाग माझ्यातल्या इंजिनीअरच्या आवडीचा. म्युझिक कंपन्या मूळ गाणी यूट्यूबच्या 'कंटेंट आयडी' यंत्रणेला देतात. यंत्रणा त्यांचे ध्वनिठसे साठवते आणि अपलोड होणारा प्रत्येक व्हिडिओ त्यांच्याशी ताडून पाहते. त्यात अनलिस्टेडही आले आणि प्रायव्हेटही. हॉलमध्ये मागे डीजे वाजत असेल तर तोही सापडतो. गाण्याचा वेग किंवा पट्टी थोडी बदलण्याची युक्ती अनेक एडिटर करतात. एकतर तीही बऱ्याचदा पकडली जाते आणि दुसरं म्हणजे हातातलं चांगलं गाणं बेसूर होतं.

'क्लेम' आणि 'स्ट्राइक' यांत गल्लत होते. क्लेम आला तर जाहिरातीचे पैसे हक्कधारकाला जातात, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक म्हणजे हक्कधारकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावणं. ९० दिवसांत असे तीन झाले, की चॅनेल बंद होऊ शकतं. ज्याला नवं काम चॅनेल पाहून मिळतं, त्याचं तेवढ्यात सगळं दुकानच जातं. इन्स्टाग्रामवरही अॅपमधली लोकप्रिय गाणी वैयक्तिक वापरासाठी आहेत, स्टुडिओच्या जाहिरातीसाठी नाहीत.

'दहा सेकंद चालतात', 'क्रेडिट दिलं की झालं', 'हक्कभंगाचा हेतू नाही असं खाली लिहा' या तिन्ही गोष्टींना कायद्यात आधार नाही.

शिक्षा होऊ शकते?

कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये 'निट प्रो' खटल्यात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. व्यवसायासाठी कृत्य केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, पण स्टुडिओ हा व्यवसायच आहे. अमेरिकेत २०११ मध्ये फुटबॉलपटू टोनी रोमोच्या लग्नाच्या व्हिडिओला 'कोल्डप्ले'चं 'फिक्स यू' लावलं होतं. व्हिडिओ व्हायरल झाला, हक्कधारक दारात आले आणि व्हिडिओग्राफरला पैसे मोजून प्रकरण मिटवावं लागलं.

'गाणं ग्राहकाने दिलं, जबाबदारी त्याची' असं करारात लिहून म्युझिक कंपनीचा हात थांबत नाही. फार तर नंतर ग्राहकाकडे भरपाई मागता येते.

मग करायचं काय?

ऑस्ट्रेलियात लग्नाच्या व्हिडिओंसाठी घरगुती वापरापुरता छोटा परवाना मिळतो. आपल्याकडे एका गाण्यासाठी कंपनीचं दार ठोठावायचं म्हणजे लाख-दीड लाखाच्या पॅकेजमध्ये न परवडणारी गोष्ट. त्यामुळे परवानाकृत संगीताची वर्गणी हा सोपा रस्ता : आर्टलिस्ट, एपिडेमिक साउंड, मुंबईची हूपर. पैसे भरण्याआधी त्या प्लॅनमध्ये ग्राहकांसाठीचं काम बसतं का, एवढं मात्र वाचा. स्वस्त प्लॅन अनेकदा फक्त स्वतःच्या चॅनेलपुरते असतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या संगीतावर 'एनसी' असेल तर ते व्यवसायाला चालत नाही.

दुसरा उपाय फुकटचा आहे. रील गाण्याशिवाय द्या. नवरा-नवरी आपापल्या वैयक्तिक अकाउंटवर अॅपमधूनच गाणं जोडतील.

तिसरा उपाय आपल्या लग्नांत आयताच असतो. बहिणीच्या लग्नात आत्याने घरच्यांची नावं गुंफून स्वतः लिहिलेली मंगलाष्टकं म्हटली होती. शब्द तिचे, आवाज तिचा, चाल पारंपरिक. फोटोग्राफरकडे ते रेकॉर्डिंग होतंच. आत्याला विचारून त्याने त्यावरच स्लाइड-शो पुन्हा बसवला आणि नवी लिंक पाठवली. ती अजून वाजते आहे. आत्या मात्र दुसऱ्या कडव्यात सूर लागला नव्हता म्हणून ती काढून टाकायला सांगते आहे.