भूल आणि प्राणवायू

"डॉक्टर, मुलगा शुद्धीवर येईल ना?" शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. "त्याचा श्वास नीट चालेल ना?" असे मात्र कोणी विचारत नाही. आम्हा भूलतज्ज्ञांना खरी धास्ती असते ती त्याचीच.

पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात, जीभ मागे ढळते, श्वास मंदावतो किंवा थांबतो. मग श्वासनलिकेत नळी घालून ते काम आम्ही करतो. नळी बसेपर्यंतचा काळ नाजूक. फुफ्फुसांत साधी हवा असेल तर प्राणवायूचा साठा मिनिटा-दोन मिनिटांत संपतो. म्हणून आधी तीन मिनिटे मास्कमधून शुद्ध प्राणवायू देतात. त्याने धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटांची सवड मिळते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि स्थूल व्यक्तींना बरीच कमी. तेव्हा घुसमटल्यासारखे वाटले तरी मास्क ढकलू नये.

पूर्वी ओठ-नखे निळी पडल्यावर धोका कळे, म्हणजे उशिराच. अंगात रक्त कमी असेल तर निळेपणा दिसतही नाही. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व मांडले. कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचलेला बोटाचा चिमटा तो हाच. आकडा ९५ च्या वर हवा; ९० खाली गेला की पुढची घसरण फार वेगाने होते. शस्त्रक्रियागृहातल्या यंत्राचा सूरही आकड्याबरोबर उतरतो, त्यामुळे मान वर न करता कळते.

काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या एका तरुण रुग्णाचा सूर असाच उतरला. "उपाशी आहे," असे त्याने सांगितले होते. भूल देताच उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत गेले. आकडा ७२! शोषनळी, प्राणवायू, दोन दिवस व्हेंटिलेटर, पोरगा वाचला. आई नंतर रडत म्हणाली, "ताकद राहावी म्हणून मीच बशीभर पोहे दिले हो." मी त्याला एकदाच विचारले होते. आता आईलाही विचारतो.

जेवण किमान सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधी. पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. दमा, रात्रीचे जोराचे घोरणे लपवू नका. विडी-सिगारेट आदल्या दिवसापासून तरी बंद ठेवा. तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनमधली जागा अडवतो, आणि यंत्राला तो प्राणवायूच वाटतो! नेलपॉलिश घरीच काढून या. आमच्याकडच्या स्पिरिटने ते धड निघत नाही.