जुन्या ऑनलाइन दुकानाचे स्थलांतर : मांडणीआधी सुट्या भागांची नोंद जपा

जयपूर शहराच्या उत्तरेस, सीकर मार्गालगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र वसले आहे. राजस्थानच्या राज्य औद्योगिक महामंडळाने (रीको) विकसित केलेल्या या वसाहतीत अभियांत्रिकी व यंत्रनिर्मितीचे अनेक लहान-मध्यम कारखाने आहेत. अशा वसाहतींतील उत्पादकाला स्वतःच्या संकेतस्थळावरून यंत्रे व सुटे भाग परराज्यातही विकता येतात. त्यामुळे तेथील एखादे जुने ऑनलाइन दुकान नव्या प्रणालीत हलविले गेले, तर त्याचा परिणाम महाराष्ट्रातील शेतकऱ्यापर्यंतही पोहोचतो. आपल्याकडील शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही हेच नियम लागू पडतात.

स्थलांतर का अटळ ठरते?

ऑनलाइन दुकानांसाठी जगभर वापरल्या गेलेल्या ‘मॅजेन्टो’ प्रणालीची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. जून २०२० मध्ये तिचा अधिकृत आधार संपला. सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्यावर जुन्या त्रुटी तशाच उघड्या राहतात आणि पैसे भरण्याच्या पानावरील माहिती चोरीस जाण्याचा धोका वाढतो. दुसऱ्या आवृत्तीची अंतर्गत रचना वेगळी असल्याने केवळ अद्ययावतीकरण पुरेसे नव्हते. सर्व माहिती नव्याने हलवावी लागली. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवून ठेवता येत नाही.

प्रणालीची निवड

‘शॉपिफाय’सारख्या भाडेतत्त्वावरील प्रणालीत सुरक्षा व देखभाल सेवादाता पाहतो, मात्र शुल्क नियमित भरावे लागते. ‘वू-कॉमर्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. परंतु सर्व्हर, अद्ययावतीकरण आणि माहितीची राखीव प्रत ही जबाबदारी दुकानदाराची असते. तांत्रिक मनुष्यबळ नसल्यास पहिला पर्याय सोयीचा ठरतो. दोन्ही बाबतींत उत्पादने, ग्राहक व मागण्यांची माहिती हवी तेव्हा बाहेर काढता येते का, हे आधी तपासावे. संकेतस्थळाचे नाव (डोमेन) संस्थेच्याच नावे नोंदलेले असावे.

काय हलवावे?

दुकानाची मांडणी नव्याने करता येते. हरवलेली माहिती मात्र सहज परत मिळत नाही. स्थलांतराच्या वेळी ‘खप नाही’ म्हणून जुन्या यंत्रांचे सुटे भाग यादीतून वगळण्याचा मोह होतो. परंतु दहा वर्षांपूर्वीच्या पेरणीयंत्राची बियाणे-चकती शेतकरी शोधतो ती ऐन वाफशावर. त्या वेळी भाग क्रमांकाचे पानच सापडले नाही, तर नुकसान केवळ एका विक्रीचे नसते. पेरणीची वेळ टळते. म्हणून बंद झालेल्या नमुन्यांची पानेही ठेवावीत. भाग क्रमांक, तो कोणत्या यंत्राला व कोणत्या वर्षांच्या नमुन्यांना बसतो आणि पर्यायी भाग कोणता, हे प्रत्येक पानावर नोंदवावे.

भाषेचीही काळजी घ्यावी. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर नव्या पानावर निरर्थक अक्षरांच्या रूपात दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, आकडे व मापे मूळ यादीशी ताडून पाहावीत. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्यामुळे जुनी बिले पुसून टाकू नयेत.

जुने पत्ते चालू ठेवा

यंत्रावरील पट्टी, माहितीपुस्तिका व बिलावर छापलेला पत्ता किंवा क्यूआर संकेत बदलता येत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या पानाचा पत्ता त्याच वस्तूच्या नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळवावा. सर्व पत्ते मुखपृष्ठाकडे वळविल्यास ग्राहक भरकटतो. शोधयंत्रांसाठी ही वळणे किमान एक वर्ष ठेवण्याची शिफारस गूगल करते. शेतीयंत्रांच्या बाबतीत ती यंत्राच्या आयुष्याइतकी टिकावीत.

जुने पासवर्ड नव्या प्रणालीत चालतीलच असे नाही. बदलाची सूचना ग्राहकांना आधी द्यावी आणि पासवर्ड किंवा ओटीपी दूरध्वनीवर कधीही विचारला जाणार नाही, हे तीत स्पष्ट लिहावे.

वेळ आणि चाचणी

ज्या यंत्रांचा खप अधिक, त्यांच्या हंगामाच्या किमान दोन महिने आधी काम पूर्ण करावे. नवे दुकान प्रथम स्वतंत्र चाचणी-पत्त्यावर चालवावे. साध्या मोबाइलवरून, मंद इंटरनेटवर, ग्रामीण पिनकोड देऊन मागणी नोंदवावी; पैसे भरणे, बिल, पोच व परतावा हे सर्व टप्पे पडताळावेत. जुन्या दुकानाची संपूर्ण राखीव प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती उघडते का, तेही पाहावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या गावांतील यंत्रांचे नमुने व वारंवार लागणारे भाग क्रमांक यांची यादी करावी. हंगामापूर्वी ते क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर शोधून पाहावेत आणि न सापडलेल्यांची यादी त्याला लेखी कळवावी. उत्पादकाला दुरुस्तीसाठी आणि शेतकऱ्याला पर्याय शोधण्यासाठी वेळ मिळतो तो याच काळात.