पट लहान, काम मोठे : हायस्कुलापुढील संक्रमण-वर्गाची रचना

एखाद्या शाळेचा पट वीस-पंचवीस आणि तेथे काम करणारी माणसे मात्र सात-आठ, असे कागदावर दिसले म्हणजे तपासणाऱ्याच्या मनात प्रथम येणारा विचार ठरलेलाच असतो : इतक्या थोड्या विद्यार्थ्यांस इतकी माणसे कशासाठी? ग्रामीण भागातील द्विशिक्षकी शाळेच्या शिक्षकास या प्रश्नाची ओळख करून देण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सार्वजनिक हायस्कुलांना जोडून असे काही लहान वर्ग चालतात की, त्यांच्याबाबत हा प्रश्न पदोपदी उभा राहावा. त्यांची रचना समजून घेतल्यास पटाचा आकडा काय सांगतो व काय लपवितो हे ध्यानी येते. शिवाय, दिव्यांग मुलाचे नाव पटावरून कमी झाल्यावर त्याचे पुढे काय, हा प्रश्न तर प्रत्येक गावात आहेच.

या वर्गांस संक्रमण-वर्ग म्हणता येईल. हायस्कुलाची चार वर्षे पूर्ण केलेली, परंतु नोकरी, प्रवास, पैशाचा व्यवहार, घर सांभाळणे इत्यादी बाबतींत अद्याप शिक्षणाची गरज असलेली दिव्यांग मुले यांत असतात. वय साधारणतः अठरा ते एकवीस. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता किंवा एकाहून अधिक अपंगत्वे असलेल्या मुलांचे प्रमाण त्यांत मोठे असते. बीजगणित, इतिहास हे विषय येथे मागे पडतात. बसचा क्रमांक वाचणे, वेळेवर कामावर जाणे, पगाराच्या चिठ्ठीवरील रक्कम ताडून पाहणे, औषध स्वतः घेणे, हा येथला अभ्यासक्रम होय.

हे वर्ग दयाबुद्धीतून निघालेले नाहीत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेत १९७० च्या सुमारास दहा लाखांहून अधिक दिव्यांग मुले सार्वजनिक शाळांच्या पूर्णपणे बाहेर होती. पेनसिल्व्हेनियातील पालकांच्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली. राजधानी वॉशिंग्टन येथील पालकांनीही दाव्याचा मार्ग धरला. १९७२ पर्यंत दोन्ही ठिकाणी निकाल मुलांच्या बाजूने लागले. पुढे २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मुले शाळेत आली, शिकली आणि दहा वर्षांच्या आतच दुसरी अडचण पुढे आली. शाळा संपताच ती मुले पुन्हा घरी बसू लागली. १९८४ साली केंद्रीय शिक्षण खात्यातील अधिकारी मॅडेलिन विल यांनी शाळा आणि कामाचे जीवन यांमध्ये पूल बांधण्याचा विचार मांडला. १९९० च्या सुधारणेत संक्रमण-सेवा हा शब्दच कायद्यात आला. २००४ च्या सुधारणेनुसार मूल सोळा वर्षांचे होईल तेव्हा लागू असणाऱ्या त्याच्या वैयक्तिक शिक्षण-योजनेत शाळेनंतरची उद्दिष्टे लिहिलेली असणे बंधनकारक आहे. त्या बैठकीस स्वतः विद्यार्थ्यास निमंत्रण द्यावेच लागते. मुलासंबंधी बोलताना मूल समोर असावे ही साधी गोष्ट, पण तीही कायद्यात लिहावी लागली!

पट लहान का राहतो, याची कारणे नियमांतच आहेत. नियमित पदविका मिळाली की या कायद्याखालील हक्क तेथेच संपतो. म्हणून अनेक विद्यार्थी अठराव्या वर्षी सोबत्यांसह पदवीदान समारंभात व्यासपीठावर जातात, पण पदविका न घेता उपस्थितीचे प्रमाणपत्र घेतात आणि पुढील वर्षी संक्रमण-वर्गात येतात. वरची वयोमर्यादाही सर्वत्र सारखी नाही. पुष्कळ राज्यांत बाविसाव्या वाढदिवसाच्या आसपास हक्क संपतो, तर मिशिगन राज्यात तो सव्विसाव्या वर्षापर्यंत चालतो. एका जिल्ह्यात, म्हणजे तेथील शाळा-मंडळाच्या क्षेत्रात, अशी मुले मुळात थोडी. त्यांतून कोणी मध्येच नोकरीस लागतो, कोणाचा वाढदिवस फेब्रुवारीत येतो. त्यामुळे वर्षारंभीचा पट वर्षअखेरीस तसाच राहील याची शाश्वती नसते. काही ठिकाणी तर मुलाचे नाव मूळ हायस्कुलाच्या पटावर राहते आणि मूल दिवसभर असते संक्रमण-वर्गात. अशा वर्गाचा पट कागदावर कमी दिसला तरी खोल्या रिकाम्या असतात असे मानण्याचे कारण नाही.

आता शिक्षकरचनेकडे वळू. नेहमीच्या वर्गात एक शिक्षक चाळीस मुलांपुढे उभा राहून सांगू शकतो. पाठ एक, ऐकणारे चाळीस. संक्रमण-वर्गात हे गणित चालत नाही, कारण पाठ प्रत्येकाचा वेगळा आणि तो देण्याची जागाही वेगळी. समजा, पट चोवीस आहे आणि शिक्षक तीन. भागाकार सरळ आहे : एका शिक्षकामागे आठ विद्यार्थी. परंतु सकाळी नऊ वाजता या चोवीस जणांपैकी सहा जण रुग्णालयाच्या धुलाईघरात आहेत, पाच जण दुकानात माल लावीत आहेत, चार जण सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके रचीत आहेत, एक जण एकट्याने बसने जाण्यास शिकत आहे आणि उरलेले आठ वर्गातील स्वयंपाकघरात आहेत. ही पाच ठिकाणे झाली आणि प्रत्येक ठिकाणी जाणता माणूस हवा. तीन शिक्षकांनी पाच ठिकाणी असावे कसे? म्हणूनच शिक्षकांच्या जोडीला वर्ग-साहाय्यक आणि कामाच्या जागी शिकविणारे मार्गदर्शक लागतात. त्यांच्यावाचून ही व्यवस्था एक दिवसही चालणार नाही.

बसने जाणाऱ्या त्या एका विद्यार्थ्याचेच पाहा. आरंभी साहाय्यक त्याच्या शेजारी बसतो. काही आठवड्यांनी तो मागच्या आसनावर बसतो, नंतर दुसऱ्या वाहनाने पाठोपाठ जातो आणि अखेर उतरण्याच्या थांब्यावर नुसता उभा राहतो. तितके दिवस एका मुलामागे एक माणूस गुंतलेला असतो व तपासणाऱ्यास तो रिकामा वाटतो. परंतु हे शिक्षण साधले की त्या मुलास जन्मभर सोबत्याची गरज उरत नाही. शिक्षकाने हळूहळू मागे सरणे हाच येथे पाठ आहे, आणि या पाठास वेळ लागतो.

साहाय्यकांची गरज काही राज्यांनी आकड्यांतच बांधून दिली आहे. न्यूयॉर्क राज्याच्या नियमांत विशेष वर्गांचे प्रकार ठरविलेले आहेत. एका प्रकारात बारा विद्यार्थी, एक शिक्षक व एक साहाय्यक. अधिक देखरेख लागत असल्यास आठ किंवा सहा विद्यार्थ्यांस तितकीच माणसे. तीव्र स्वरूपाची बहुविध अपंगत्वे असल्यास बारा विद्यार्थी, एक शिक्षक आणि शिवाय दर तीन विद्यार्थ्यांमागे एक जादा माणूस. डोकी मोजण्याआधी गरज मोजावी, हे तत्त्व त्या आकड्यांत दिसते. १९९६ साली सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात सुरू झालेला ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रमही याच मार्गाचा आहे. त्यात हायस्कुलाचे अखेरचे वर्ष रुग्णालयासारख्या कामाच्या ठिकाणीच काढतात. विद्यार्थी साधारण आठ ते बारा, एक विशेष शिक्षक, सोबत कामाचे मार्गदर्शक, आणि वर्षात तीन वेगवेगळ्या विभागांत उमेदवारी. हा उपक्रम आता अनेक देशांत पसरला आहे.

सरकारी तक्त्यांत मात्र यांपैकी फारच थोडे उतरते. अमेरिकेची शिक्षण-सांख्यिकी संस्था दरवर्षी प्रत्येक सार्वजनिक शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या गोळा करते. शिक्षकसंख्या पूर्णवेळाच्या मापात धरतात. अर्धवेळ शिक्षक अर्धा मोजावयाचा व जो दोन शाळांत काम करतो तो दोहोंत विभागावयाचा. दर शिक्षकामागील विद्यार्थीसंख्या निघते ती या शिक्षकसंख्येवरून. साहाय्यकांची गणना जिल्ह्याच्या पातळीवर होते, शाळेच्या ओळीत ती येत नाही. परिणामी ज्यांच्या बळावर वर्ग चालतो तीच माणसे शाळेच्या आकड्यातून गळतात. एखाद्या वर्षी पट तीनने घटला तरी प्रमाण एकदम बदलते आणि मोठी उलथापालथ झाल्याचा भास होतो. लहान शाळेच्या बाबतीत एका वर्षाच्या प्रमाणावरून निष्कर्ष काढणे हे कच्चे गणित होय.

तेथे सर्व काही ठीक चालले आहे, असेही समजू नये. विशेष शिक्षकांचा तुटवडा जुनाच आहे. साहाय्यकांना वेतन कमी मिळते, म्हणून ते टिकत नाहीत आणि मुलाची ओळख पटेपर्यंत माणूस बदलतो. याहून कठीण गोष्ट पुढे आहे. शाळेत असेतोवर मुलाला सेवा हक्काने मिळते. वयोमर्यादा ओलांडली की प्रौढांच्या सेवांसाठी अनेक राज्यांत प्रतीक्षायादीत नाव घालावे लागते. पालक या दिवसास धास्तावलेले असतात. २०१४ च्या रोजगार-कायद्याने राज्यांच्या व्यवसाय-पुनर्वसन अनुदानापैकी किमान १५ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या रोजगारपूर्व तयारीसाठी राखून ठेवली आहे. प्रौढांच्या सेवांकडे जाणारी वाट शाळेतच सुरू व्हावी, हा त्यामागील हेतू.

आपल्याकडे असे वर्ग सार्वजनिक हायस्कुलांना जोडलेले नाहीत. पण कायद्याची चौकट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला आणि २०२२ साली केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दर १० व उच्च प्राथमिक स्तरावर दर १५ दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घातले. परंतु गावच्या शाळेत अशी मुले एक किंवा दोन असतात. साहजिकच विशेष शिक्षक तालुक्याच्या वा केंद्राच्या पातळीवरून फिरतीवर येणार, आणि उरलेल्या दिवशी ते मूल वर्गशिक्षकाचेच.

येथील खरे संक्रमण अठराव्या वर्षी होत नाही. ते चौथी-पाचवी किंवा सातवी-आठवी संपते त्या दिवशी होते. गावची शाळा संपते, पुढची शाळा दुसऱ्या गावी असते, आणि मूल घरी राहते. शिक्षणहक्क कायद्यानुसार दाखला तत्काळ द्यावा लागतो व तो बहुधा दिलाही जातो. मात्र त्या दाखल्यात मुलाविषयी शिक्षकास जे ठाऊक असते त्यातले काहीच नसते. अमेरिकेच्या कायद्यात पदविका मिळाल्यामुळे वा वयोमर्यादा संपल्यामुळे शाळा सुटणाऱ्या मुलाबरोबर त्याच्या कार्यक्षमतेचा सारांश देण्याची तरतूद आहे. आपल्या शिक्षकाने दाखल्यासोबत असा एक साधा कागद जोडण्यास कोणाची परवानगी लागत नाही. त्याची एक प्रत पालकांस द्यावी व एक पुढील शाळेच्या मुख्याध्यापकांस पोचवावी. मूल कोणत्या बाजूने बोललेले ऐकते, फळ्यापासून किती अंतरावर बसविले म्हणजे त्यास दिसते, नाव लिहिते की ओळखते, शंभरपर्यंतची नाणी-नोटा मोजते काय, शौचास जाताना मदत लागते काय, कशाने घाबरते व कोणाच्या सोबतीने शांत होते, कोणते काम मनापासून करते, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र निघाले आहे की नाही, आणि नव्या शाळेच्या वाटेने त्याच्याबरोबर जाणारे गावातले दुसरे मूल कोणते, इतके त्यात असावे. हा कागद एप्रिलअखेर तयार ठेवावा. जूनमध्ये नव्या शाळेचा पट भरावयाची घाई असते आणि तेव्हा तो कोणी वाचीत नाही.