आग्रहाच्या ताटापुढे नियमाची कसोटी

पावसाळ्यातील शनिवारची दुपार. लोणावळ्याजवळील औंढे गावाच्या परिसरात भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि डोंगरउतारावरून ओहोळ वाहत असतात. मुंबई-पुण्याची कुटुंबे दोन दिवसांसाठी बंगला घेऊन इथे उतरतात. त्यांत आपल्या समाजातील व्यापारी कुटुंबेही असतात. सोबत स्वयंपाकाला महाराज असतात. दुपारी चहाबरोबर मिरचीची आणि कच्च्या केळ्याची भजी होतात. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात दाल-बाटी-चुरमा असतो आणि मागाहून स्थानिक इंद्रायणी तांदळाचा सुवासिक भात येतो. परतीच्या वाटेवर चिक्कीचे डबे घेतले जातात.

या मंडळींत बहुधा एखादे साठीचे गृहस्थ असे असतात की ज्यांना डॉक्टरांनी भात, पोळी, गूळ आणि साखर यांचे प्रमाण उतरवायला सांगितलेले आहे. दोन महिने त्यांनी ते पाळलेलेही असते. बंगल्यावर मात्र चारी बाजूंनी आवाज येतो, ‘एका दिवसाने काय होते? आपण काय रोज इथे येतो?’ वहिनी चुरम्याचा लाडू ताटात वाढतात, नातू चिक्कीचा तुकडा हातावर ठेवतो. नाही म्हणावे तर प्रेमाचा अवमान होतो, हो म्हणावे तर नियम मोडतो. सोमवारी दुकानाच्या गादीवर बसताना मनात एकच विचार असतो, ‘आता मोडलेच आहे, तर पुढच्या महिन्यापासून पाहू.’

याच पंगतीत एखाद्या श्राविकेचा उपवास असतो. तिला कोणी ‘एक लाडू घ्या’ असे म्हणत नाही. उलट सगळे आदराने साता विचारतात आणि तिच्यासाठी उकळलेले पाणी वेगळे ठेवतात. तिचे पच्चक्खाण आहे, एवढे कळले की आग्रह संपतो. म्हणजे आपल्या घरांना संयम जपता येत नाही असे नाही. ज्या संयमाला आपण व्रताचे रूप दिले, तो सगळे घर जपते. ज्याला ‘डाएट’ म्हटले, तो मात्र एकट्याच्या खांद्यावर पडतो आणि दोन दिवसांच्या सहलीत गळून जातो.

प्रश्न किती मोठा आहे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी असून मधुमेहाच्या उंबरठ्यावर आणखी १३.६ कोटी लोक आहेत. याच पाहणीच्या आधारे २०२५ मध्ये मांडल्या गेलेल्या निष्कर्षांप्रमाणे भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून, म्हणजे मुख्यतः तांदूळ, गहू आणि साखर यांतून येते.

कर्बोदकांचे पचन होऊन रक्तात साखर उतरते आणि ती पेशींपर्यंत पोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. वर्षानुवर्षे साखर जास्त आणि हालचाल कमी असली, तर शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत पेढीवर बसणाऱ्या, दर ग्राहकाबरोबर अर्धा कप गोड चहा घेणाऱ्या आणि लग्नसराईत आठवड्याला तीन पंगतींना जाणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सी तपासणीत आकडा ५.७ ते ६.४ आला तर तो इशारा असतो, ६.५ आणि त्यापुढे मधुमेह मानला जातो. या टप्प्यावर आहार बदलला तर आकडा खाली येऊ शकतो. दुर्लक्ष झाले तर पुढे डोळे, मूत्रपिंडे आणि पाय यांवर त्याची वसुली होते.

१८६३ मधील दोन घटना

बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. घाटातील रेल्वेच्या कामावरील मजुरांना ताकद देणारी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी हीच पुढे लोणावळ्याची चिक्की झाली, असे सांगितले जाते. दिवसभर कातळ फोडणाऱ्या माणसासाठी तो योग्यच आहार होता. आज मात्र तीच चिक्की मोटारीत बसून येणारा आणि मोटारीत बसूनच परत जाणारा माणूस खातो. गूळ ‘नैसर्गिक’ आहे म्हणून साखरेपेक्षा निर्धोक, हा समजही खरा नाही. गुळाचा मोठा भाग साखरच असतो.

त्याच १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या एका व्यावसायिकाने स्थूलतेविषयी एक छोटी पुस्तिका स्वखर्चाने छापली. त्याचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो झाले होते. नौकानयन, चालणे, बाष्पस्नाने असे अनेक उपाय करून तो थकला होता. अखेर डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटा आणि बिअर यांचा त्याग केला आणि सुमारे वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळपास २१ किलो वजन उतरवले. त्याच्या ताटातील मांस आणि मद्य आपल्याला सर्वथा अग्राह्य आहेत. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे त्याने प्रत्येक जेवणाच्या वेळी नव्याने ठरवले नाही. यादी एकदाच ठरवली. तो ८१ वर्षे जगला.

महाराष्ट्रात या विषयाला घरोघर पोचवण्याचे श्रेय दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्या विचारांवरून प्रेरणा घेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना जाते. डॉ. दीक्षितांच्या पद्धतीत मुख्य भर वेळेवर आहे. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा एवढेच घ्यायचे. या पद्धतीवर आहारतज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत आणि ती प्रत्येकाला मानवेलच असे नाही. तरीही जैन वाचकाला ती ऐकताच बियासण्याची आठवण येते. दिवसातून दोनदाच, एका जागी बसून जेवण्याचा हा नियम आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे.

पच्चक्खाणाची रचना

तत्त्वार्थसूत्रात सहा बाह्य तपे सांगितली आहेत. त्यांतील पहिली चार, म्हणजे अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग, थेट आहाराशी निगडित आहेत. काही काळ न खाणे, भुकेपेक्षा कमी खाणे, पदार्थांची मर्यादा घालणे आणि विशिष्ट रस सोडणे असा हा क्रम आहे. श्वेतांबर परंपरेत रसत्यागालाच विगईत्याग म्हणतात. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहा विगईंपैकी एखादी त्या दिवसापुरती किंवा ठरावीक मुदतीसाठी सोडता येते. धान्य विगईत येत नाही. त्यासाठी चौदा नियमांतील द्रव्यमर्यादा आहे. ‘आज आठच द्रव्ये, त्यांत भात नाही’ असे सकाळी धारले, की पन्नास पदार्थांच्या बुफेपुढेही गोंधळ उरत नाही.

मोह समोर आल्यावर त्याच्याशी वाद घालून माणूस क्वचितच जिंकतो, हे मानसशास्त्रानेही पाहिले आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांपुढे मिठाई ठेवून एक प्रयोग केला. थोडा वेळ थांबल्यास दुप्पट मिळेल, असे त्यांना सांगितले होते. मिठाईकडे टक लावून बसलेल्या मुलांना थांबणे जड गेले. ज्यांनी डोळे झाकले, पाठ फिरवली किंवा गाणे म्हटले, ती अधिक वेळ टिकली. आपल्याकडे हे काम पच्चक्खाण करते. निर्णय सकाळीच झालेला असतो, त्यामुळे दुपारी लाडवाशी वाटाघाट करण्याचे कारणच राहत नाही.

पच्चक्खाणात आणखी एक शहाणपण आहे आणि आहारनियम पाळणाऱ्याला त्याची सर्वाधिक गरज असते. पच्चक्खाण घेतानाच त्यातील आगार, म्हणजे सवलती, उच्चारल्या जातात. अनाभोग म्हणजे विसरून काही तोंडात गेले तर. सहसाकार म्हणजे अकस्मात काही गेले तर. महत्तराकार म्हणजे विशेष मोठ्या कारणासाठी. आणि सर्वसमाधिप्रत्ययाकार म्हणजे तीव्र आजारात औषध घ्यावे लागले तर. अशा प्रसंगी व्रताचा भंग मानला जात नाही. मात्र आठवण होताच तिथेच थांबायचे असते. एक चुकीची नोंद झाली म्हणून व्यापारी संपूर्ण वही फाडत नाही. ती दुरुस्त करून रोजमेळ जुळवतो. आहाराच्या बाबतीत मात्र एक तुकडा खाल्ला की तोच माणूस सारी वही मिटवून ठेवतो. सकाळी नियम धारून संध्याकाळी त्यांचा आढावा घेण्याची आपली रीत हा रोजमेळच आहे.

येथे एक विवेक आवश्यक आहे. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे. वजन उतरवणे नाही. रक्तातील साखर कमी व्हावी म्हणून घेतलेल्या नियमाला तपाचे मोठेपण देऊ नये. परंतु रसनेंद्रियावरील विजय दोन्हीकडे समान आहे आणि नियमाची चौकट दोन्हीकडे उपयोगी पडते.

जैन ताटातील अडचणी

कंदमूळ आपण खात नाही, त्यामुळे बटाटा आपोआप टळतो. पण त्याच्या जागी येणारे कच्चे केळेही पिष्टमयच असते. खाखरा हलका वाटतो, तरी तो गव्हाचाच आहे. चहाबरोबर चार खाखरे म्हणजे कर्बोदकांचा एक चांगला हप्ता. आयंबिलात सर्व विगई सुटतात, परंतु ताटात मुख्यतः उकडलेले धान्य आणि कडधान्य असते. त्याचे आध्यात्मिक मोल निर्विवाद आहे. मात्र त्याला कमी कर्बोदकांचा आहार समजू नये. पारण्याच्या दिवशी शिरा आणि गोड दूध यांवर तुटून पडणे हे तर तपालाही शोभत नाही आणि प्रकृतीलाही.

मग खावे काय? मूग, मटकी, हरभरा यांची उसळ किंवा घट्ट डाळ, घरचे पनीर, दुधी, दोडका, पडवळ, कारले, तोंडली यांची भरपूर भाजी, बेताचे तूप. दही-ताक घेताना द्विदळाचा नियम पाळणाऱ्यांनी ते कडधान्याबरोबर कच्चे घेऊ नये. वेगळ्या वेळी घ्यावे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते आणि ताट पोळी-भाताकडे झुकते. त्या दिवशी मुगाचे पोळे, बेसनाचे पिठले किंवा पनीर आधीच योजून ठेवावे. ताटात आधी भाजी आणि डाळ घ्यावी, फुलका शेवटी आणि मोजून. इंद्रायणी ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची देणगी आणि मावळाचा अभिमान आहे. पण तिचाही वाटा दोन चमच्यांचा असावा.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अचानक कर्बोदके कमी केली किंवा उपवास केला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी तर स्वतःच्या मनाने काहीच बदलू नये.

घराची जबाबदारी

जैन विचारात करणे, करवणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार होतो. दुसऱ्याच्या सत्कार्यात विघ्न आणणे हे अंतराय कर्माच्या बंधाचे कारण मानले आहे. नियम घेतलेल्या माणसाच्या ताटात आग्रहाने लाडू वाढताना हे क्षणभर आठवावे. आतिथ्य पदार्थांच्या संख्येवर मोजण्याची सवय जुनी आहे. ती बदलण्याचा आरंभ यजमानीण बाईंपासून होऊ शकतो. चिक्की घ्यायची तर पाहुण्यांसाठी एक डबा घ्यावा आणि तो जेवणाच्या टेबलावर न ठेवता कपाटात ठेवावा. आणि घरातील एकाने साखर सोडली, तर निदान त्याच्यासमोर तरी इतरांनी महिनाभर ती बाजूला ठेवावी.

या मावळालाही संयमाची ओळख जुनीच आहे. कामशेतजवळच्या पाले येथील लेण्यात अरिहंतांना नमस्कार करून सुरू होणारा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याची नोंद त्यात आहे. राहायला निवारा आणि प्यायला पाणी, एवढीच ती नोंद.

औंढ्याच्या बंगल्यावर पुढच्या सहलीला तेच गृहस्थ, तेच ताट आणि तोच आग्रह असेल. फरक एका वाक्याचा पुरे आहे. ‘डॉक्टरांनी नको म्हटले आहे’ असे पुटपुटण्याऐवजी त्यांनी सकाळीच सर्वांसमोर हात जोडून सांगावे, ‘दिवाळीपर्यंत माझा गूळ-साखरेचा त्याग आहे आणि आज भात नाही.’ मग वहिनी लाडवाचे ताट पुढे सरकवतील आणि त्यांच्या वाटीत आणखी एक डाव डाळ वाढतील.